गाडीचं काळं प्लास्टिक पुन्हा काळं करताना

अकोल्याच्या उन्हात गाडीचा कुठला भाग सगळ्यात आधी म्हातारा होत असेल, तर तो बिनरंगाच्या काळ्या प्लास्टिकचा. पत्र्यावर रंग असतो, रंगावर लॅकर असतो. या प्लास्टिकवर काहीच नसतं. बंपरचा खालचा भाग, दारांवरची पट्टी, चाकांच्या कमानीभोवतीचं क्लॅडिंग, आरसे, दारांची हँडलं, वायपरखालची जाळी, सगळं उघड्यावर. चार-पाच उन्हाळे निघाले की ते आधी फिकट होतं, मग राखाडी, आणि पुढे बोट फिरवलं तर बोटाला भुकटी लागते. गाडी आतून कितीही ठणठणीत असो, एवढ्या एका गोष्टीने ती उगाच जुनी दिसते.

आमच्या घरी पांढरी वॅगन आर आहे, एलएक्सआय, म्हणजे आरसे आणि हँडलं काळीच आलेली. दिरांकडे ब्रेझा आहे, तिला तर खालून चारी बाजूंनी काळं क्लॅडिंग. या दोन्ही गाड्यांचं प्लास्टिक मीच सांभाळते, आणि गल्लीतल्या आणखी काही गाड्यांचंही. म्हणून एक गोष्ट पहिल्यांदाच सांगते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे: काळं करणारी बाटली सगळ्यात शेवटी हातात घ्यायची. खरं काम ब्रशचं आणि पाण्याचं आहे. नीट साफ न झालेल्या प्लास्टिकवर कितीही महागडं कोटिंग लावा, ते मळावर बसतं आणि मळाबरोबरच निघून जातं.

राखाडी का पडतं

बहुतेक गाड्यांचं हे प्लास्टिक म्हणजे पॉलिप्रोपिलिन. त्यात लवचिकपणासाठी ईपीडीएम रबर मिसळलेलं असतं आणि कडकपणासाठी टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरं. एखादा तुकडा सुटा मिळाला तर मागच्या बाजूला पाहा. पीपी, ईपीडीएम, टीडी२० अशी अक्षरं उठावाने छापलेली दिसतील. पीपी म्हणजे पॉलिप्रोपिलिन, टीडी२० म्हणजे त्यात २० टक्के टाल्क. ही अक्षरं वाचून ठेवा, पुढे थिनर वापरायचा की नाही हे ठरवताना उपयोगी पडतात.

काळा रंग येतो तो कार्बन ब्लॅकमुळे, म्हणजे अगदी बारीक काजळीमुळे. ही काजळी नुसती रंगासाठी नसते. ती उन्हातले अतिनील किरण स्वतः शोषून घेते आणि प्लास्टिकला वाचवते. पण अगदी वरच्या पातळ थराला कुणीच वाचवू शकत नाही. तिथे ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून प्लास्टिकच्या लांब साखळ्या तोडतात, पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि आतलं टाल्क उघडं पडतं. अशा खडबडीत पृष्ठभागावरून उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून आपल्याला तो राखाडी दिसतो. खालचं प्लास्टिक मात्र अजून काळंच असतं. नुकसान फार खोल गेलेलं नसतं, म्हणून तर दुरुस्ती जमते.

आडव्या भागांवर ऊन सरळ पडतं, त्यामुळे तेच आधी जातात. बंपरची वरची कड, वायपरखालची जाळी, आरशाची माथ्याकडची बाजू. गाडी रोज एकाच जागी उभी राहत असेल तर पश्चिमेकडची बाजूही लवकर पांढरी पडते. आमच्या वॅगन आरचा डावा आरसा उजव्यापेक्षा कायम एक पायरी पुढे असतो, कारण दुपारभर तोच उन्हात असतो.

आधी पाणी मारून बघा

बाटली विकत घ्यायच्या आधी ही परीक्षा करा. फुकट आहे. धुतलेल्या, कोरड्या प्लास्टिकवर ओला फडका फिरवा आणि नीट बघा.

ओलं असताना ते छान काळं झालं आणि वाळल्यावर पुन्हा राखाडी पडलं, तर तुमचं प्लास्टिक फक्त वरून झिजलेलं आहे. शाळेतली दगडी पाटी ओली असताना काळीभोर दिसते आणि वाळली की पांढुरकी, तसंच हे. पाणी त्या बारीक भेगांमध्ये भरतं आणि उजेड विखुरायचा थांबतो. पुढे आपण जे कोटिंग लावणार ते हेच काम करतं, फरक इतकाच की ते उडून जात नाही. म्हणजे ओलं असताना जितकं काळं दिसेल, साधारण तितकं काळं तुम्हाला परत मिळेल.

ओलं असतानाही पांढरं दिसत राहिलं, तर तो डाग वरून आलेला आहे. रंगाच्या कडेला, प्लास्टिकवर उठवलेल्या बारीक दाण्यांच्या खाचांमध्ये पांढरं भरलेलं असेल तर ते पॉलिश किंवा वॅक्स. कुणीतरी गाडी पॉलिश करताना फडका प्लास्टिकवर गेलेला असतो. थेंबांच्या आकाराची पांढरी वर्तुळं असतील तर ते पाण्यातले क्षार. आमच्या भागात हे फार. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी किती खारट असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या पाण्याने गाडी धुऊन तशीच उन्हात वाळू दिली की प्रत्येक थेंबाखाली मिठाचा ठसा राहतो. पुष्कळ गाड्यांचं प्लास्टिक खराब झालेलंच नसतं, नुसतं क्षारांनी माखलेलं असतं. लोक त्यावर काळं तेल चोपडतात, आठवड्याने वर्तुळं पुन्हा वर येतात, आणि मग प्लास्टिकच भिकार म्हणून मोकळे होतात.

आणखी एक बघून घ्या. दोन दारांच्या मधल्या खांबावरचा चकचकीत काळा भाग, किंवा आरशासारखी चमकणारी पुढची जाळी, हे वेगळं प्रकरण आहे. ते गुळगुळीत असतं, त्याला दाणे नसतात. तिथे ब्रश नको, खाली सांगितलेलं काहीच नको. ते रंगाच्या पत्र्यासारखंच हलक्या हाताने धुवायचं.

कधी आणि कुठे

कोजागिरीपासून होळीपर्यंतचा काळ मला सगळ्यात चांगला वाटतो. पावसाळ्यात प्लास्टिक पूर्ण वाळत नाही. मे महिन्यात सकाळी नवालाच ते इतकं तापतं की क्लीनर लावल्या लावल्या वाळून त्याचेच डाग पडतात. उन्हाळ्यात करायचंच असेल तर गाडी रात्रभर सावलीत ठेवा आणि उजाडताच सुरू करा. प्लास्टिकला हात लावून पाहायचा, हाताला गार लागलं पाहिजे. थंडीत उलटी काळजी: पहाटे दव पडतं आणि ताज्या कोटिंगवर दव पडलं की डाग राहतात. म्हणून काम झाल्यावर ती रात्र गाडी पोर्चमध्ये किंवा शेडखाली काढता येईल, असा दिवस निवडा.

जमिनीकडेही लक्ष द्या. अंगणात शहाबादी किंवा कोटा फरशी असेल तर खाली जुनं पोतं किंवा ताडपत्री टाका. या दोन्ही फरश्या चुनखडीच्या. पुढे आपण व्हिनेगर वापरणार आहोत, ते फरशीवर सांडलं तर तिथली चकाकी कायमची जाते. प्लास्टिक काळं करणाऱ्या रेस्टोररचा थेंब पडला तर तोही निघत नाही.

सामान असं लागतं: दोन बादल्या, गाडीचा साधा शाम्पू, ऑल पर्पज क्लीनर, मऊ नायलॉनचा हातब्रश, एक जुना टूथब्रश, रंगकामाचा इंचभर रुंदीचा ब्रश, पाच-सहा मायक्रोफायबर कापडं, मास्किंग टेप, हातमोजे, पांढरं व्हिनेगर, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि शाळेतलं पांढरं खोडरबर. क्लीनर मिळाला नाही तर भांडी घासायचं लिक्विड चालतं, लिटरभर कोमट पाण्यात एक चमचा. एरवी गाडीला भांड्यांचं लिक्विड लावू नये, ते रंगावरचं वॅक्स काढून टाकतं. इथे मात्र आपल्याला प्लास्टिकवरचं सगळं तेल आणि वॅक्स काढायचंच आहे. कपड्यांची पावडर घेऊ नका, न विरघळलेले कण दाण्यांमध्ये अडकून बसतात. तारेचा ब्रश, भांड्यांची तारेची घासणी आणि हिरवा स्क्रबर गाडीच्या आसपासही नको. प्लास्टिकवर जे बारीक दाणे उठवलेले असतात ते एकदा घासून गेले की परत येत नाहीत, आणि तिथे एक गुळगुळीत चकाकणारा पट्टा कायमचा राहतो.

घासणं

आधी सगळी गाडी शाम्पूने धुऊन घ्या, म्हणजे माती आणि वाळू निघून जाईल. वाळू राहिली तर पुढे ब्रशखाली तीच ओरखडे काढते. चाकांच्या कमानीखाली, क्लॅडिंग आणि पत्र्याच्या फटीत पाणी भरपूर मारा. प्रेशर वॉशर असेल तर हातभर लांब धरा आणि पट्टीच्या कडेवर सरळ मारू नका. काही पट्ट्या दुहेरी टेपवर चिकटवलेल्या असतात, त्या उचकटतात.

आता जिथे प्लास्टिक रंगाला भेटतं, त्या कडेने पत्र्यावर मास्किंग टेप लावा. टेप गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्त टेप उन्हात तापला की गोंद मागे ठेवतो. काम झालं की लगेच काढायचा, दुसऱ्या दिवसावर टाकायचा नाही.

क्लीनर एकास दहा पाण्यात घ्या. डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर ते पाळा. एका वेळी हातभर लांबीचाच भाग घ्यायचा. फवारा मारा, अर्धा मिनिट थांबा, आणि ब्रश आधी आडवा, मग उभा, मग गोल फिरवा. दाबायची गरज नाही, ब्रशच्या केसांची टोकं दाण्यांच्या मध्ये गेली पाहिजेत. दाबलं की केस आडवे पडतात आणि खाचा तशाच राहतात. फेस तपकिरी होईल, करडा होईल. ओल्या कापडाने तो पुसून घ्या, वाळू देऊ नका. मग पुन्हा फवारा, पुन्हा ब्रश. फेस पांढरा येईपर्यंत हे चालू ठेवायचं. पाच वर्षांच्या क्लॅडिंगला हे दोनदा-तीनदा सहज करावं लागतं. ज्या प्लास्टिकवर वॉशिंग सेंटरमध्ये दर वेळी टायर पॉलिश फासलेलं असतं, त्याला आणखी जास्त. तिथे तेलाचे आणि धुळीचे थर एकावर एक बसलेले असतात.

हँडलांच्या मागच्या खळग्यात, आरशाच्या बुडाशी आणि मागच्या नंबर प्लेटभोवती टूथब्रश लागतो. वायपरखालच्या जाळीला रंगाचा ब्रश बरा, तो फटीत जातो. तिथे हात घातलाच आहे तर जाळीत अडकलेली कडुनिंबाची पानं आणि काड्या वेचून काढा. जाळीखाली पाणी वाहून जायच्या वाटा असतात, त्या तुंबल्या की पावसाळ्यात पाणी गाडीच्या आत यायला वाट शोधतं.

घासून झाल्यावर पांढरं कापड ओलं करून फिरवा. कापडावर थोडी काळी छटा आली तर घाबरू नका, तो वरचा मेलेला थर आहे. कापड काळंकुट्ट होत असेल तर घासणं अजून बाकी आहे.

हट्टी डाग

क्षारांच्या वर्तुळांसाठी व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. फडका त्यात भिजवून डागावर दोन-तीन मिनिटं ठेवा, टूथब्रशने हलके चोळा आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवा. नुसतं मीठ असेल तर ते साध्या पाण्यानेच विरघळतं, व्हिनेगर लागतं ते चुन्याच्या जातीच्या क्षारांना. शेवटचं पाणी मात्र बोअरचं नको. नळाचं किंवा फिल्टरचं एक बादली पाणी त्यासाठी वेगळं काढून ठेवा, नाहीतर जे काढलं तेच परत लागेल. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. संडास साफ करायचं अ‍ॅसिडही नको. ते प्लास्टिकमागचे स्क्रू आणि पत्रा खातं.

वॅक्सच्या पांढऱ्या डागांना खोडरबर. पूर्ण कोरड्या प्लास्टिकवर पांढरं खोडरबर घासलं की वाळलेलं वॅक्स खाचांमधून रबराच्या चुऱ्याबरोबर बाहेर येतं. मग ब्रशने झटका आणि क्लीनरचा एक हात द्या. ब्रेझाच्या मागच्या बंपरवर असे डाग होते, दिरांनी ते गेलेच असं समजून सोडून दिले होते. शेजारच्या मुलीच्या कंपासपेटीतल्या रबराने ते निघाले, पण रबर अख्खं संपलं. मग तिला दोन नवीन आणून दिले.

डांबराच्या ठिपक्यांना टार रिमूव्हर, कापडावर घेऊन, फक्त ठिपक्यापुरता, आणि लगेच साबणाने धुवायचं. दुसऱ्या गाडीचा रंग घासून लागला असेल तर हात थिनरकडे जातो. तिथे ती मागची अक्षरं आठवा. पॉलिप्रोपिलिनला थिनरने लगेच काही होत नाही, पण आरशाची कवचं आणि पुढच्या जाळ्या पुष्कळदा एबीएस नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकच्या असतात. थिनर किंवा नेलपेंट रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन एबीएसला विरघळवतं. खात्री नसेल तर थिनर नकोच.

वाळवणं, आणि त्यात घाई न करणं

दाणेदार प्लास्टिक वरून कोरडं दिसतं, पण खाचांमध्ये पाणी असतं. कापडाने टिपून घ्या, मग टेबल फॅन समोर लावून तासभर सावलीत ठेवा. आरशाच्या फटीतून आणि क्लॅडिंगच्या वरच्या कडेतून थेंब ओघळत राहतात, ते अधूनमधून टिपा. कोटिंग लावताना असा एक थेंब वरून आला की खाली लांब पांढरी रेघ उमटते.

वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल. केमिस्टकडे किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. त्यात तितकंच डिस्टिल्ड वॉटर घाला, बॅटरीत घालायचं मिळतं तेच. कापडावर घेऊन सगळं प्लास्टिक एकदा पुसा. उरलेलं तेल आणि साबणाचा थर यानेच जातो. उघड्यावर करा, आणि जवळ कुणी विडी-सिगारेट ओढत असेल तर त्याला बाजूला व्हायला सांगा, याला पटकन आग लागते.

या वेळी प्लास्टिक आधीपेक्षाही पांढरट दिसेल. दिसू द्या. आता कुठे ते खरं उघडं झालं.

काय लावायचं

बाजारात तीन जातींचा माल मिळतो आणि दुकानदार तिन्हींना एकच नाव देतात.

पहिलं ड्रेसिंग, म्हणजे सिलिकोनचं किंवा तत्सम तेल. पाण्यात कालवलेलं असेल तर दुधट दिसतं, सॉल्व्हंटमधलं असेल तर पारदर्शक आणि तेलकट. लावताच काळं होतं, काही आठवड्यांनी आणि पावसात त्याहून लवकर उतरतं. नव्या गाडीला अधूनमधून पाण्यातलं ड्रेसिंग ठीक आहे. पण गाडी लवकरच डेंटिंग-पेंटिंगला जायची असेल तर सिलिकोन लावू नका. रंगाच्या जागी त्याचा अंश राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात आणि पेंटर वैतागतो, ते बरोबरच आहे.

दुसरं रेस्टोरर, ज्यात काळं रंगद्रव्य असतं. फार राखाडी पडलेल्या प्लास्टिकला हेच. काही महिने टिकतं, आणि उतरलं तर हळूहळू, एकसारखं उतरतं.

तिसरं सिरॅमिक ट्रिम कोटिंग. सिलिकाचा पारदर्शक, कडक थर बसतो. तिन्हींत सगळ्यात जास्त हेच टिकतं आणि पाणी त्यावरून घरंगळून जातं. पण ते पारदर्शक आहे, खाली जे असेल ते तसंच कोंडून ठेवतं. म्हणून पाण्याच्या परीक्षेत जे प्लास्टिक पूर्ण काळं झालं त्यालाच हे लावावं असं माझं मत आहे. वॅगन आरच्या आरशांना मी हेच लावते. ब्रेझाच्या कमानींना रंगद्रव्याचं रेस्टोरर. दोन जातींचा माल एकावर एक चढवू नका, तेलकट थरावर सिरॅमिक धरत नाही.

डब्यावर लिहिलेल्या मुदतीवर विसंबू नका. गाडी उन्हात उभी राहते की शेडमध्ये, यावर ती मुदत जास्त अवलंबून आहे.

लावण्याची पद्धत तिघांचीही जवळपास एकच. हातमोजे घाला. आधी बंपरच्या खालच्या, कुणाला न दिसणाऱ्या भागावर तळहाताएवढं लावून दहा मिनिटं थांबा, रंग आणि चमक पटते का बघा. मग स्पंजच्या तुकड्यावर काही थेंबच घ्यायचे, प्लास्टिकवर सरळ ओतायचं नाही. हातभर भागावर आधी लांबीने, मग आडवं पसरवा, दाण्यांमध्ये मुरवा. दोन-तीन मिनिटांनी कोरड्या मायक्रोफायबरने अगदी हलका हात फिरवून जास्तीचं उचला. सगळ्या कामात हा हात सगळ्यात मोलाचा. जास्तीचं राहिलं तर तिथे चकाकणारे चट्टे पडतात, आणि सिरॅमिक असेल तर ते कडक झाल्यावर निघत नाहीत. खालून तिरपं बघा, सरळ बघून चट्टे दिसत नाहीत. एक पट्टी सुरू केली की ती टोकापर्यंत संपवूनच उठायचं, मध्ये थांबलं तर तिथे सांधा दिसतो.

दुसरा हात डब्यावर सांगितलेल्या वेळाने. मग चोवीस तास पाणी नाही, आणि आठवडाभर शाम्पू नाही. सिरॅमिकचं कापड वाळलं की त्यात कडक कण तयार होतात. ते टाकून द्या, पुन्हा रंगावर वापरू नका.

फूटस्टेपवर, दारातल्या पायपट्टीवर आणि पेडलवर यातलं काहीच लावायचं नाही. तिथे पाय घसरतो. घरात वयस्कर माणसं असतील तर हे विशेष सांभाळा. वायपरखालच्या जाळीला तेलकट ड्रेसिंग नको, पहिल्या पावसात ते ओघळून काचेवर येतं आणि रात्री समोरच्या दिव्यांत काही दिसेनासं होतं. हँडलांनाही तेल नको, ते हाताला लागतं.

डिझेल, खोबरेल आणि हीट गन

"ताई, डिझेल मारून देऊ का? पाहा मग कशी चमकते." वॉशिंग सेंटरवर हे विचारणारा मुलगा मनाने चांगलाच असतो, त्याला तसंच शिकवलेलं असतं. पण डिझेल आणि रॉकेल दारांच्या आणि काचांच्या रबर बीडिंगचे शत्रू आहेत. ते रबर ईपीडीएमचं असतं. पाणी, ऊन, ओझोन ते वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेलात फुगतं आणि सैल पडतं. प्लास्टिकवर मारलेलं डिझेल खालीवर उडून बीडिंगला लागणारच. म्हणून गाडी बाहेर धुवायला दिली की मी दोन गोष्टी आधीच सांगते: डिझेल नको, आणि टायरचं पॉलिश टायरलाच.

खोबरेल तेलाने प्लास्टिक काळं दिसतं, दोन दिवस. मग आमच्या रस्त्यांची सगळी काळी माती त्यावर येऊन बसते. बुटाचं पॉलिश पहिल्या पावसात पत्र्यावर ओघळतं आणि दाराला टेकलं की कपड्यांना लागतं.

हीट गनचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. राखाडी प्लास्टिकवर गरम हवा फिरवली की ते समोर काळं होत जातं, आणि हे खरं आहे. वरचा थर वितळून भेगा बुजतात. पण पॉलिप्रोपिलिन साधारण १६० अंशांना वितळतं आणि हीट गन ५०० अंशांच्याही वर जाते. हात एक क्षण जास्त थांबला की दाणे सपाट होतात, तुकडा वाकतो, शेजारचा रंग फुगतो, आणि काचेजवळ केलं तर काच तडकू शकते. शिवाय उन्हापासून रक्षण काहीच मिळत नाही. जो तुकडा नाहीतरी बदलायचाच आहे, त्यावर, गाडीवरून काढून, करून बघायला हरकत नाही. आरशांवर आणि दारांवर मी कुणालाही करू देणार नाही.

नंतर

पुढे फार काही लागत नाही. साध्या शाम्पूने धुवा, बोअरच्या पाण्याचे थेंब अंगावर वाळू देऊ नका, गाडी पॉलिश करायच्या आधी प्लास्टिकच्या कडेला टेप लावा. शक्य असेल तिथे सावलीत उभी करा, आणि नेहमीची जागा उन्हातच असेल तर अधूनमधून गाडीचं तोंड फिरवा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतील. कव्हर घालत असाल तर आधी धूळ काढा. धुळीवर कव्हर वाऱ्याने हलत राहिलं की त्याने प्लास्टिक आणि रंग दोन्ही घासले जातात. पाणी प्लास्टिकवर थेंबाथेंबाने थांबायचं सोडून सपाट पसरायला लागलं की कोटिंग संपत आलं समजा. तेव्हाच पुन्हा हात द्या, राखाडी पडायची वाट बघू नका. त्या वेळी घासणं निम्म्यावर येतं.

एवढं करूनही एखादा भाग काळा होत नाही, किंवा नखाने खरवडल्यावर पापुद्रा निघतो, तर तो थर खोलवर मेला आहे. त्याला रंगवता येतं: राखाडी अ‍ॅब्रेसिव्ह पॅडने हलकं घासून, अल्कोहोलने पुसून, आधी प्लास्टिक प्रायमर आणि मग दाणेदार काळ्या स्प्रेचे पातळ हात. पॉलिप्रोपिलिनला प्रायमरशिवाय रंग धरत नाही, मोठाले पापुद्रे निघतात. आणि एकदा रंगवलं की ते कायम रंगवलेलंच, त्याला पुढे दर काही वर्षांनी रंग आला.

वायपरखालची जाळी आणि कमानीच्या पट्ट्या मात्र मी रंगवण्यापेक्षा बदलते. वर्कशॉपच्या स्पेअर पार्टच्या खिडकीवर गाडीचा चासी नंबर दिला की ते नेमका पार्ट काढून देतात. घ्यायच्या आधी मागची अक्षरं आणि पुढचे दाणे जुन्या तुकड्याशी ताडून बघा, बाहेरच्या मालाचा दाणा पुष्कळदा वेगळा असतो आणि शेजारच्या पट्टीला जुळत नाही. क्लिपा त्याबरोबर येत नाहीत, वेगळ्या मागाव्या लागतात. जुन्या क्लिपा उन्हाने ठिसूळ झालेल्या असतात आणि काढताना तुटतात, म्हणून आधी मोजा आणि दोन-चार जास्तच घ्या.